कोठीमागचा अर्जदार

ज्या वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म, आणि ज्या वत्सगुल्मात काव्यपुरुषाने साहित्यविद्येशी विवाह केल्याचे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त नमूद करून ठेवले आहे, त्या नगरात आनंद कानठळ्या बसवूनच व्यक्त करावा असा दंडक कधी पडला, याचा दस्तऐवज आमच्या पाहण्यात नाही. तो विवाह गांधर्व होता. सबब वरात नव्हती, आणि वरात नव्हती म्हणून सुतळी बॉम्बही नव्हता, एवढेच अनुमान निघते.

आमचा मोत्या इतका भाग्यवान नाही. लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी पहिला बार उडताच तो ज्वारीच्या कोठीमागे, जेथे मांजरही जाण्यापूर्वी विचार करील अशा फटीत, आपला देह कोंबतो. कान मानेला चिकटलेले, शेपूट पोटाखाली, आणि थरथर अशी, की कोठीवरचे झाकण वाजू लागते. शेजारचे रावसाहेब हे पाहून "भित्रा आहे हो तुमचा कुत्रा!" म्हणून हसतात, परंतु हेच रावसाहेब उदबत्तीने वात पेटताच दोन्ही कानांत बोटे घालून दहा पावले पळ काढतात, हे आम्ही ओट्यावरून प्रतिवर्षी पाहतो. मोत्याला बोटे नाहीत, एवढाच काय तो शौर्यातला फरक.

कायदा आहे. फटाक्याचा आवाज ४ मीटरवर १२५ डेसिबलच्या वर जाऊ नये असा नियम आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत सर्वोच्च न्यायालयाची २००५ सालापासून मनाई आहे. मात्र माणसाचा कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, तर कुत्र्याचा ४५,०००पर्यंत, ही बाब त्या ४ मीटरच्या हिशेबात कोणी धरलेली दिसत नाही.

आणि हे घडते कोठे, तर ज्यातील कारंज्यास श्रीनृसिंहसरस्वतींचा जन्म झाला त्या जिल्ह्यात! दत्ताच्या तसबिरीतील चार श्वानांना आम्ही चार वेद मानून हार घालतो. पाचवा कोठीमागे असतो.

असो. अर्जदाराच्या वतीने तजवीज अशी, की त्यास दिवेलागणीपूर्वीच फिरवून आणावे, खिडक्या लावून पंखा व रेडिओ चालू ठेवावा, आणि त्याने निवडलेल्या जागेतून त्यास ओढून काढू नये. जवळ घेतल्याने भीती बळावते हा समज खोटा आहे. खुशाल पाठीवर हात ठेवावा. सणाच्या कित्येक आठवडे आधीपासून बारांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी हलका लावून सोबत भाकरीचा तुकडा द्यावा, व कुत्रा निर्धास्त राहील तेवढाच तो वाढवावा. भीती फार असल्यास जनावरांच्या डॉक्टरांकडून औषध आधीच आणावे. आपल्या झोपेच्या गोळ्या मुळीच देऊ नयेत.

यंदा मोत्याने पाणी प्यायले ते पहाटे चार वाजता. तुळशीचे लग्न तोंडावर आले आहे. कोठीमागची जागा आम्ही आजच झाडून ठेवली.