आत्या झिजली नाही

लालबाग-परळच्या चाळीत चार गोष्टी ठरलेल्या असत : गॅलरीतलं पिंप, नळावरचं भांडण, माळ्यावर झोपणारा गाववाला आणि घरातली आत्या. पैकी आत्या सगळ्यांना पुरून उरे. नवरा लवकर गेलेला असे, नाहीतर त्याने टाकलेली असे. ती माहेरी ‘चार दिवस’ म्हणून येई आणि चाळीस वर्षं राही.

आमची आत्याही त्यातलीच. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसं, वर जेवायला गिरणीतले पंधरा गडी. ही तिची खाणावळ. गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी आत्याचा आवाज व्हायचा, त्यामुळे आमच्या मजल्याला घड्याळ लागलं नाही. जेवणाऱ्याने ‘पोट भरलं’ म्हणणं तिला मान्य नव्हतं. पोट त्याचं असलं तरी ते भरलं की नाही, हे आत्या ठरवी. ‘नको’ म्हणणाऱ्याच्या ताटात दोन चपात्या पडत, गप्प बसणाऱ्याच्या ताटात तीन.

हिशेब मात्र चोख. कोणाचे किती खाडे, ते कालनिर्णयावर लिहिलेले. संकष्टी, दूधवाल्याचे पैसे आणि ‘चिपळूणवाला गावी’ एकाच चौकटीत सुखाने नांदत. स्वयंपाकात दुसऱ्याचा हात तिला खपत नसे. आईच्या ताब्यात मिठाची बरणी आली, तेव्हा माझी दहावी झाली होती.

तिचं दुसरं राज्य केईएममध्ये. 1926 सालचं ते हॉस्पिटल आपल्याच वडिलांनी बांधून ठेवलंय, अशा थाटात ती आत शिरे. गावाहून दुखणं घेऊन आलेला प्रत्येक पाहुणा आमच्याकडेच उतरे. केसपेपर कुठे काढायचा, वॉर्डबॉयला काय म्हणून हाक मारायची, आता इथेच दाखवायचं की टाटाला न्यायचं, हे डॉक्टरांच्या आधी आत्या सांगे. रोगी बरा झाला तर तिच्या पेजेने. नाही झाला तर मेल्याने पेज टाकली असणार.

खाणावळवाल्या बायांचं सगळं चाले ते वाण्याच्या आणि सावकाराच्या उधारीवर. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि गिरणगावातल्या या बायांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. आत्याही नवं लुगडं नेसून बँकेत गेली. साहेबाने विचारलं, “बाई, व्यवसाय काय?” आत्या म्हणाली, “काही नाही. घरीच असते.” पंधरा गडी जेवू घालून आमच्या फिया आणि खोलीचं भाडं भरणारी बाई घरीच असते! साहेबाने कागदावर ‘खाणावळ’ लिहिलं, तर तिला तो अपमान वाटला. कर्जाचे हप्ते मात्र तिने वेळेआधी फेडले. कारण एकच : “परक्या माणसाने आपल्या दारात का यावं?”

मग 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार गिरण्यांबाहेर. जेवणारे होते, पैसे नव्हते. आत्याने ताट एकाचंही बंद केलं नाही. आमटीत पाणी वाढलं, शिव्याही वाढल्या. पाटल्या गेल्या तेव्हा तिने जाहीर केलं, “त्या हाताला टोचतच होत्या.” उधारी ठेवून गावी गेलेल्यांपैकी काहीजण पुढे कित्येक वर्षं तांदळाची गोणी नाहीतर आंब्याची पेटी घेऊन येत. आत्या पेटी ठेवून घेई आणि बाकी किती, तेही सुनावी.

ती गेल्यावर चाळीतले सगळे म्हणाले, “बिचारी आयुष्यभर कुटुंबासाठी झिजली.” साफ खोटं. आत्या झिजली नाही, तिने आम्हाला झिजवलं. अभ्यासाला बसवलं, हप्ते भरायला शिकवलं, नको त्या पाहुण्यासाठी केईएमच्या रांगेत उभं केलं. बिचारी म्हणावी अशी ती कधीच नव्हती. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून आधी आजोबांचं नाव होतं, मग बाबांचं. आत्या कायम शेवटच्या ओळीत. घर मात्र तिच्या कमाईवर आणि तिच्या हुकमावर चाललं.

तुमच्या घरात अशी आत्या असेल तर तिच्या त्यागाचे गोडवे गाऊ नका, तिला कर्ती म्हणा. आणि ती वाढायला आली की ‘नको’ म्हणू नका. उपयोग होत नाही.