पाठीमागचं टेबल

आमच्या कचेरीतले दिवे शिपाई लावत नाही, अण्णा लावतात. शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला, वेळ पावणेदहा ते सव्वासहा ठरवली. ते परिपत्रक सगळ्या टेबलांवरून फिरवलं अण्णांनीच, पण वाचलं बहुधा नाही. शनिवारी फोन वाजत नाहीत, म्हणून ते मुद्दाम शनिवारी येतात. सोमवारी आपण घाम पुसत खुर्चीत टेकावं, तर समोर त्यांनी निकालात काढलेल्या फायलींची चळत. वर पेन्सिलीने बारीक अक्षरात : 'कृ. आजच.'

माणूस लाख मोलाचा. कारल्याची भाजीसुद्धा वाटून खातो. फक्त उजव्या हाताने घास घेताना डाव्या हाताने फायलीची नाडी सोडवत असतो.

नव्याने लागलेली पोरं त्यांना पाहून भारावतात, आठ-आठ वाजेपर्यंत बसतात. दिवाळीपर्यंत त्यांच्या खणात पित्ताच्या गोळ्या आलेल्या असतात.

मास आणि मोरेटी या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या एका सुपरमार्केटच्या कॅशियरांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला. चपळ कॅशियर पाळीवर आला की बाकीच्यांचेही हात भरभर चालतात, पण ज्यांच्यावर त्याची नजर असते त्यांचेच. ज्यांना तो नुसता पाठमोरा दिसतो, ते आपल्या चालीने चालतात. अण्णांचं टेबल माझ्या पाठीमागे आहे. साहेबांचं वाचन दांडगं असावं.

बरं, या राबण्याचं फळ काय? तर आणखी काम. अधिवेशनातला तारांकित प्रश्न, माहिती अधिकाराचा अर्ज, कोर्टाचं शपथपत्र, सगळं अण्णांकडे. 'तुमच्याइतकं नीट कुणाला जमत नाही हो,' असं म्हणून आपली फाईल त्यांच्याकडे सरकवणारे कलावंत आमच्यात आहेत. (मीही त्यातलाच.) अण्णा खुलतात आणि घेतात. उरलेल्या वेळात साहेब आम्हाला विचारतात, 'त्यांना जमतं, तुम्हाला काय धाड भरलीय?'

अर्जित रजा जास्तीत जास्त ३०० दिवस साठते. अण्णांची केव्हाच साठली. आता दर सहामाहीला जमा होणारे १५ दिवस सरळ बुडतात. मध्यंतरी जिन्यात चक्कर आली, तर पायरीवर बसल्या बसल्या त्यांनी आवक नोंदवही मागवली.

आमच्या शाखेत लिपिकांची तीन पदं रिक्त आहेत. अण्णा निवृत्त होईपर्यंत ती भरायचा प्रस्ताव कुणी वर पाठवणार नाही.