नेमबाजाची दरखास्त

शस्त्रांच्या कायद्याशी नागपूर शहराचा ऋणानुबंध जुना आहे. 1878 साली लॉर्ड लिटनच्या अमदानीत हिंदी प्रजेला निःशस्त्र करणारा जो कायदा झाला, तो मोडण्यासाठी 1927 मध्ये जनरल मंचरशा आवारी ह्याच शहरात अनुयायांसह तलवारी मिरवीत निघाले आणि तुरुंगात गेले. महात्माजींना तो मार्ग रुचला नाही, ही गोष्ट वेगळी. आवारींचा गुन्हा निदान सरकारला कळण्याजोगा होता. आजच्या नेमबाजाचा प्रमाद ह्याहून गहन आहे, कारण त्याला कायदा मोडायचा नसून पाळायचा असतो.

त्याची दरखास्त दफ्तरात येताच कारकून चष्मा कपाळावर चढवून पृच्छा करतो, "जिवाला धोका कोणापासून?"

"कोणापासूनच नाही, साहेब."

"मग रायफल कशाला?"

"कागदावर मारायला."

येथे संशय बळावतो. ज्याला चार वैरी आहेत तो इसम समजू शकतो. परंतु ज्याचे कोणाशी वाकडे नाही आणि तरीही ज्याला पन्नास मीटरांवरच्या 10.4 मिलिमीटरांच्या वर्तुळात गोळी घालण्यासाठी हत्यार हवे आहे, त्याच्या चित्तवृत्तीविषयी सखोल चौकशी अगत्याची ठरते. वस्तुतः 1959 च्या कायद्याच्या तेराव्या कलमात, मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदास सरावासाठी पॉइंट बावीसची रायफल मिळावी, अशी तजवीज आहे. पण कलम पुस्तकात असते आणि शेरा फाइलीवर.

2019 साली सरकारने दरडोई तीन बंदुकांची मर्यादा एकावर आणण्याचा घाट घातला, ओरड झाल्यावर ती दोनावर स्थिरावली, आणि पुढील वर्षी नामांकित नेमबाजांना बारापर्यंत हत्यारे बाळगण्याची मुभा मिळाली. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले तेव्हा आपण पेढे वाटले, हे योग्यच झाले. पण पदकापूर्वीचा प्रत्येक नेमबाज सरकारदरबारी केवळ 'अर्जदार इसम' असतो, हे पेढे खाताना कोणाच्या ध्यानी आले नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली, की हत्यार मालखान्यात जमा करण्यातून स्पर्धेसाठी सूट मागणारा नवा अर्ज घेऊन तोच इसम पुन्हा दारात उभा. देशी कट्टा बाळगणारा मात्र ह्या कटकटीतून सर्वस्वी मुक्त असतो. त्याला नूतनीकरण नाही, चारित्र्याचा दाखला नाही, आणि आचारसंहितेत मालखान्याची पायरीही नाही.

तथापि नेमबाजांचा कैवार घेताना एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे. जिवाला धोका सिद्ध होत नाही म्हणून क्लबाची वर्गणी भरणारे आणि कमरेचे पिस्तूल वरातीत दाखविणारे काही महाभाग ह्याच बिरादरीत शिरले आहेत. आकाशाला नेम धरण्याची स्पर्धा ऑलिंपिकमध्ये नाही; 2019 च्या दुरुस्तीत त्या कौशल्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, एवढेच पारितोषिक ठेवलेले आहे. ते सढळ हाताने वाटले जावे, अशी आमची शिफारस आहे.

बाकी खऱ्या नेमबाजांना एवढेच सुचवावेसे वाटते, की 2016 च्या नियमांनी पोलिसांस अहवालासाठी तीस दिवस आणि परवाना अधिकाऱ्यास त्यानंतर निकालासाठी साठ दिवस दिलेले आहेत. म्हणून अर्ज देताना तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.