गेटपास कुणाचा?

कारेगावाला लागून असलेल्या रांजणगाव एमआयडीसीत ठेकेदाराचा माणूस गेटपासाशिवाय मशिनीपर्यंत पोचत नाही. विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, मात्र क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल थेट शिरली. १९ जुलै २०२४ ला सुमारे ८५ लाख संगणकांचे पडदे निळे पडून ते ठप्प झाले आणि आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. मायक्रोसॉफ्टने बोट दाखवलं ब्रसेल्सकडे: २००९ मध्ये युरोपीय आयोगाला शब्द दिलाय ना, आम्हाला जेवढी मुभा, तेवढीच बाहेरच्या सुरक्षा कंपन्यांना! पण शब्द होता समान वागणुकीचा. सगळ्यांना कर्नलमध्येच घ्या असा नव्हे. आधी स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर कर्नलबाहेर काढा, मग खुशाल ब्रसेल्सच्या नावाने खडे फोडा.