कांदा, चाळ आणि मानसिकता

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो आणि आयपीएलमध्ये क्रिकेटपटूंचा. दोन्हीकडे बोली लागते, आणि भाव का चढला, का पडला हे दोन्हीकडे दुसऱ्या दिवशीच्या पेपरात जाणकार समजावून सांगतात. फरक त्यानंतर सुरू होतो. उन्हाळ कांदा चाळीत भरला, चाळीत वारा खेळला नाही आणि श्रावणात त्याला कोंब फुटले, तर गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं की चाळ नीट बांधली नव्हती. बाबा रे, तुझी मानसिकता कमी पडली का, दडपण झेपलं नाही का, असं कांद्याला कुणी विचारत नाही. क्रिकेटपटूला नेमकं हेच विचारतात. विकत घेणाऱ्याने त्याला कुठल्या क्रमांकावर पाठवलं, किती सामने बाकावर बसवलं, मागेपुढे कुणाला ठेवलं, हा तपशील चर्चेत येतच नाही. नासला तो मालाच्या स्वभावानेच नासला, आणि चाळीचा मालक पुढच्या लिलावाला नवा कोट घालून हजर.

अजिंक्य रहाणेचा हिशेब पाहा. 2022 मध्ये कोलकात्याने त्याला 1 कोटीला घेतलं. 7 सामने, 133 धावा, शंभर चेंडूंमागे जेमतेम 104 ची गती. निकाल लागला: हा कसोटीचा माणूस, याचं इथे काम नाही. पुढच्या वर्षी चेन्नईने त्याला मूळ किमतीत, 50 लाखांत उचललं. वर एक रुपयाही कुणी बोलला नाही. मग 8 एप्रिल 2023 ला वानखेडेवर मुंबईविरुद्ध 27 चेंडूंत 61, आणि पंधरा दिवसांनी ईडन गार्डन्सवर, ज्यांनी सोडलं त्यांच्याच अंगणात, 29 चेंडूंत नाबाद 71. हंगामात 326 धावा, गती 172. माणूस तोच, मनगट तेच, वय तेवढं एका वर्षाने वाढलेलं. बदललं ते काम. डावाची सुरुवात ऋतुराज गायकवाड आणि डेव्हन कॉनवे करणार, मागे दुबे, जडेजा, धोनी उभे. मधे जाऊन याने मारायचं, बाद झाला तरी आभाळ कोसळत नाही. जूनमध्ये हाच गृहस्थ ओव्हलवर कसोटी जगज्जेतेपदाच्या अंतिम सामन्यात खेळत होता, 89 आणि 46. रणजीतल्या धावाही त्याच्या नावावर होत्याच, पण त्यांच्यासाठी कुणी वाजंत्री लावली नव्हती. पुढचा अंक तर एखाद्या प्रहसनात शोभावा असा आहे. 2024 च्या लिलावात पहिल्या फेरीत रहाणेला कुणी विचारलं नाही, मग कोलकात्याने दीड कोटीला घेतलं आणि कप्तान केलं. ज्याला हा खेळ जमत नाही असं ठरलं होतं, त्यानेच आता तो इतरांकडून खेळवून घ्यायचा होता.

शिवम दुबेची गोष्ट भावाच्या दृष्टीने याहून मजेची. बंगळुरूने 5 कोटी मोजले, दोन हंगामांत 15 सामने खेळवले आणि 169 धावा पदरात पडल्या. राजस्थानने 4 कोटी 40 लाख दिले. त्यांच्याकडून त्याने 2021 मध्ये अबूधाबीत चेन्नईला 42 चेंडूंत नाबाद 64 चा प्रसाद दिला, तेव्हा ज्यांना तो मिळाला त्यांनीच पुढच्या वर्षी 4 कोटींना त्याला घरी आणलं. 5, मग 4.40, मग 4. भाव उतरत गेला आणि माणूस चढत गेला. चेन्नईने त्याला नवं काही शिकवलं असेल-नसेल, पण एक ठरवून टाकलं: मधल्या षटकांत फिरकी आली की याला सोडायचं. 2023 पासून सामन्याच्या मधेच एक खेळाडू बदलू देणारा इम्पॅक्ट प्लेअरचा नियम आला, त्यामुळे त्याची गोलंदाजी झाकून ठेवायचीही सोय झाली. तीन हंगामांत अकराशेच्या वर धावा झाल्या. 2024 च्या टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बार्बाडोसला 16 चेंडूंत 27 केल्या, तेव्हा बंगळुरूच्या त्या दोन वर्षांत तो कोणत्या कामाला होता, हे कुणी विचारलं नाही.

यावर मराठी माणसाच्या ओठांवर उत्तर तयार असतं: नाचता येईना, अंगण वाकडं. म्हण उत्तम आहे. तिच्यामुळे एवढंच झालं की शेकडो वर्षांत एकाही अंगणाची पाहणी झाली नाही. जातिवंत खेळाडू कुठेही चमकतो, विराट कोहली बघा, असं पुढे ऐकवलं जातं. बघूच. 2008 मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वविजेत्या पोरांचं वाटप झालं, तेव्हा दिल्लीने दिल्लीच्याच कोहलीला सोडून डावखुरा मध्यमगती प्रदीप सांगवान घेतला. निर्णय अगदीच वेडगळ नव्हता. दिल्लीकडे सेहवाग, गंभीर, धवन, डिव्हिलियर्स होते, आणखी एका फलंदाजाला पाट मांडायचा कुठे? कोहली बंगळुरूला गेला. पहिल्या हंगामात 165 धावा, मग 246, मग 307. या आकड्यांवर आजचे मालक नारळ देतील, तोही सोलून. बंगळुरूने 2011 च्या लिलावाआधी सगळे सोडले आणि एकट्या त्याला ठेवलं. म्हणजे जो दाखला जातिवंतपणाचा म्हणून दिला जातो, तो मुळात तीन वर्षं वाट पाहणाऱ्या मालकाचा दाखला आहे. या अंगणाचं दुसरं टोकही त्यालाच भोगावं लागलं. संघ करंडक जिंकत नव्हता म्हणून कोहलीला जिंकता येत नाही, ही समजूत 2025 च्या अठराव्या हंगामापर्यंत टिकली.

आता प्रामाणिकपणे कबूल करायला हवं की चाळ हेच सर्वस्व नाही. गोव्याचा स्वप्नील अस्नोडकर 2008 मध्ये राजस्थानकडून 9 सामन्यांत 311 धावा करून गेला, संघ विजेता ठरला. पुढच्या तीन हंगामांत त्याच संघाकडून 11 सामने आणि 112 धावा. चाळ तीच, कांदा तोच, तरी गणित जुळलं नाही. 2009 ची स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत गेली, खेळपट्ट्या बदलल्या आणि प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यासही वाढला असणार. खेळाडूच्या मर्यादा खऱ्याच असतात. प्रश्न इतकाच की मर्यादा उघड्या पडल्या की त्या त्याच्या, आणि गुण दिसले की ते संघाच्या ‘संस्कृती’चे, ही वाटणी कोणत्या पंचायतीने केली?

दुसरा आक्षेप पैशाचा: कोटी घेतात, मग ऐकून घ्यायला नको? ऋषभ पंतला लखनौने 27 कोटींना घेतलं. 2025 च्या हंगामात त्याच्या 269 धावा झाल्या आणि कॅल्क्युलेटर असलेल्या प्रत्येक भारतीयाने एका धावेचा दर काढला, सुमारे 10 लाख. गणित बरोबर आहे, पण आकडा पंतने उच्चारलाच नव्हता. हात वर केला तो टेबलावर बसलेल्यांनी, लॅपटॉप उघडे ठेवून. टोमॅटो महाग झाला म्हणून टोमॅटोला उर्मट म्हणण्याची पद्धत आपल्याकडे अजून नाही.

अमेरिकन फुटबॉलमध्ये नव्या पोरांच्या निवडीला उलटी शिस्त आहे. जो संघ सर्वांत वाईट खेळला त्याला सर्वांत चांगला पोरगा आधी निवडू देतात, म्हणजे गुणी पोराची पाठवणी सगळ्यात मोडक्या घरात. 2018 मध्ये सॅम डार्नॉल्ड तिसऱ्या क्रमांकावर न्यूयॉर्क जेट्सच्या वाट्याला गेला, तीन वर्षांत टाकाऊ ठरला, आणि 2024 मध्ये मिनेसोटाकडून त्याने 17 पैकी 14 सामने जिंकून दिले. तिकडेही मोडक्या घराची नव्हे, पोराच्याच डोक्याची तपासणी झाली होती.

आणि नावलौकिकाचं म्हणाल तर तो अंगावरच्या सदऱ्याला शिवलेला असतो. 2024 च्या एप्रिलमध्ये वानखेडेवर हार्दिक पांड्याची हुर्यो उडवली गेली. गुन्हा असा की तो गुजरातहून परत आला आणि रोहित शर्माच्या जागी कप्तान झाला. 4 जुलैला त्याच मैदानात तोच हार्दिक विश्वचषक घेऊन आला आणि त्याच गॅलऱ्यांनी त्याच्या नावाचा गजर केला. मधे तीन महिने गेले होते आणि सदऱ्याचा निळा रंग थोडा बदलला होता.

राहता राहिला शशांक सिंग. डिसेंबर 2023 च्या लिलावात पंजाबने त्याला 20 लाखांना घेतलं आणि लगेच टेबलावर चुळबुळ झाली. नावाचा घोळ झाला असावा असं सगळ्यांना वाटलं, पण हातोडा पडला होता. नंतर खुलासा आला की यादीत एकाच नावाचे दोघे होते आणि हवा होता तो हाच. पुढच्या हंगामात 354 धावा झाल्या, तेव्हा खुलाशाला आपोआप वजन आलं. 2025 साठी पंजाबने दोनच खेळाडू राखले, त्यातला एक साडेपाच कोटींचा शशांक. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात त्याने बंगळुरूविरुद्ध 30 चेंडूंत नाबाद 61 धावा केल्या. पंजाब 6 धावांनी हरला.