दीड इंचाची पंगत

जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवायचं असेल तर इंजिन मिळवणं हा सगळ्यात सोपा भाग असतो. चिरंजीवांनी ते एका शनिवारी दुपारी उरकलं. टेक्सासात भंगाराची मोठी आवारं आहेत. तिथं ठोकलेल्या गाड्या ओळीनं उभ्या असतात, आपण आपले पाने घेऊन जायचं, हवं ते स्वतः खोलायचं आणि दारावर पैसे देऊन बाहेर पडायचं. तिथून त्यांनी एका सिल्व्हराडो ट्रकचं ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन काही शे डॉलरांत आणलं. सूनबाईंच्या गाडीची गॅरेजमधली जागा त्या दिवसापासून गेली. मग पुढचे कित्येक शनिवार आम्ही त्या इंजिनाच्या तोंडावरच्या पट्ट्यावर खर्ची घातले.

मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस. लेलँड आणि टाटा, दोन्हींखाली आडवा होऊन आयुष्य गेलं. आमच्याकडे फॅनबेल्ट कुणी निवडत नसे. स्टोअरला मागणी टाकायची, स्टोअरकीपरनं "शिल्लक नाही" म्हणायचं, आणि मग जी गाडी आधीच मोडून पडली आहे तिचा बेल्ट काढून हिला चढवायचा. अंगठ्यानं दाबून अर्धा इंच खाली गेला की ताण बरोबर. सही करा, गाडी सोडा. त्यामुळे व्हिजिटर व्हिसावर प्लेनोला आल्यावर चिरंजीव म्हणाले, "बाबा, बेल्ट ड्राइव्ह कुठला घ्यायचा ते ठरत नाहीये," तेव्हा मला वाटलं, इकडे दुकानदार फार आहेत म्हणून पोराचा गोंधळ उडालाय.

गाडी १९७२ ची, शेव्हर्लेची सी-१०. ते तिला ट्रक म्हणतात. आपल्याकडे असल्या गाडीतून कोबी जातो. मूळचं ३०७ घन इंचांचं इंजिन तिच्यात होतं, ते तेल प्यायला लागलं होतं. चिरंजीव आठवडाभर संगणकाच्या पडद्यावर, कुणाला न दिसणाऱ्या गोष्टी दुरुस्त करतात. शनिवारी त्यांना हाताला काळं लागेल असं काहीतरी लागतं. त्याला माझी हरकत नाही, आमच्या घराण्यात ते आहेच.

तर भानगड अशी. हे जे इंजिन आहे त्याचं घराणं १९९७ च्या कॉर्व्हेटपासून सुरू झालं. पुढच्या वर्षी ते कॅमारोत आलं आणि १९९९ पासून ट्रकमध्ये. ब्लॉक सगळ्यांचा सारख्याच घडणीचा, फरक तोंडाला. कॉर्व्हेटचं नाक बुटकं, जागा कमी, म्हणून तिच्या पुल्या ब्लॉकला चिकटून बसवल्या. कॅमारोच्या त्याहून पाऊण इंच पुढे. ट्रकला बॉनेटखाली जागाच जागा, म्हणून ट्रकच्या पुल्या कॉर्व्हेटपेक्षा दीड इंच पुढे. अंतर ठरतं ते क्रँकच्या टोकावरच्या डँपर पुलीनं. ती जिथं बसली तिथं पंगत मांडली गेली. आल्टरनेटर, पाण्याचा पंप, स्टिअरिंगचा पंप, टेन्शनर, एसीचा कॉम्प्रेसर, सगळ्यांनी त्याच रेषेत मांडी घालायची. कुणी पाव इंच पुढे सरकून बसला की पट्टा बोंबलायला लागतो, आणि त्याची बोंब शेजारच्या गल्लीत ऐकू जाते. एका पंगतीचा पाट उचलून दुसऱ्या पंगतीत ठेवता येत नाही. आल्टरनेटर कॅमारोचा स्वस्त मिळाला, पंप ट्रकचा पडलेलाच आहे, असं चालत नाही.

चिरंजीवांनी यावर एक्सेलची शीट केली होती. ओळी, रकाने, हिरवे-लाल रंग. एसटीच्या अख्ख्या विभागाचं वेळापत्रक त्याहून कमी जागेत मावत असे.

पहिला रकाना कॉर्व्हेटचा. दिसायला सुबक, आटोपशीर, आणि भंगारातसुद्धा भाव खाणारा. दुसरा रकाना तयार संचाचा. इकडे कंपन्या चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचे ब्रॅकेट, पुल्या, पंप, कॉम्प्रेसर असं सगळं एका खोक्यात घालून देतात. बोल्टसुद्धा मोजून पिशवीत. किंमत दोन-तीन हजार डॉलरांच्या घरात, म्हणजे इंजिनाच्या कितीतरी पट. तो आकडा आमच्या हिनं पाठीमागून वाचला.

"एवढ्या पैशांत पट्टा? कमरेचा आहे का?"

"आई, इंजिनचा आहे. आणि त्यात पट्टा एकच, बाकी सगळं ब्रॅकेट."

"मग पट्टा तरी सोन्याचा असेल."

तो रकाना तिथंच लाल झाला.

तिसरा कॅमारोचा. त्यात आल्टरनेटर खाली, ड्रायव्हरच्या बाजूला. मी त्याला डायनामोच म्हणतो. चिरंजीव दर वेळी दुरुस्त करतात, मी दर वेळी ऐकून घेतो आणि डायनामोच म्हणतो. सी-१० मध्ये तो खाली उतरला की चेसिसला खेटायला बघतो. राहिला ट्रकचा स्वतःचा संच, इंजिनाबरोबर फुकट आलेला. त्यात आल्टरनेटर वर, खाली स्टिअरिंगचा पंप. सगळं मोकळं, हात जाईल असं. फक्त एसीचा कॉम्प्रेसर खाली उजवीकडे, वेगळ्या छोट्या पट्ट्यावर, आणि तो नेमका या जुन्या चेसिसच्या पट्टीवर आदळतो.

"यावर लोक काय करतात?" मी विचारलं.

"चेसिसला खाच पाडतात."

मी खुर्चीवरून उठलो. आयुष्यभर चेसिसवर एक भोक पाडायचं तर वरच्या साहेबाला विचारावं लागे, आणि साहेब त्याच्या वरच्याला विचारी. इथे पोरगा कटर घेऊन सी-१० च्या बरगडीत खाच पाडणार, ती पण कशासाठी, तर गार वाऱ्यासाठी! खाच पाडल्यावर आतून पट्टी वेल्ड करून मजबुती देतात हे त्यांनी चित्रं दाखवून समजावलं. चित्रं चांगली होती. मी नाही म्हटलं.

"मग एसी काढून टाकू या," चिरंजीव म्हणाले.

आतून हिचा आवाज आला, "मग मी त्या गाडीत बसणार नाही."

डॅलसच्या उत्तरेला जुलैत पारा १०० फॅरनहाइटच्या पुढे जातो, म्हणजे आपले ३८. लोखंडी गाडी उन्हात उभी केली की दाराच्या कडीनं चटका बसतो. हिचं म्हणणं रास्तच होतं, आणि रास्त नसतं तरी एसी आलाच असता.

तोडगा म्हणून चिरंजीव डँपर पुलीच बदलायला निघाले. कॅमारोची पुली बसवली की पंगत पाऊण इंच मागे येते. मी म्हटलं, ठीक आहे, पुलर लाव, पुली काढ, की सांभाळ. ते म्हणाले, "बाबा, याला की नसते." मला वाटलं, पोरगा विसरला. क्रँकवर पुली बसवायची तर मध्ये लोखंडी की हवी, नाहीतर पुली घसरेल, हे पहिल्या वर्षीच्या अ‍ॅप्रेंटिसलाही ठाऊक असतं. मी विजेरी मारून बघितलं. खरंच खाच नव्हती. पुली क्रँकवर नुसती घट्ट दाबून बसवलेली, घर्षणाच्या भरवशावर. आधी जुन्या बोल्टनं २४० फूट-पाउंडांपर्यंत आवळून ती जागेवर ढकलायची, मग तो बोल्ट काढून फेकायचा, नवा घालायचा, तो ३७ फूट-पाउंडांना आवळायचा आणि वर आणखी १४० अंश फिरवायचा. नवा बोल्ट मुद्दाम ताणला जातो, म्हणून तो एकदाच वापरायचा. आमच्याकडे बोल्ट एकदाच वापरा म्हटलं असतं तर स्टोअरकीपरनं राजीनामा दिला असता. मी त्यांना सांगितलं, कारखान्यानं जी पुली देवावर हवाला ठेवून बसवली आणि जी इतकी वर्षं हलली नाही, तिला हात लावायचा नाही.

एव्हाना शेजारचा एक गोरा गृहस्थ रोज संध्याकाळी येऊन उभा राहू लागला होता. त्याचं मत मात्र ऐकण्यासारखं होतं, कारण तो पोळला होता. त्यानं आपल्या जुन्या ३५० इंजिनावर नव्या पद्धतीचा एकच लांबलचक पट्टा चढवला आणि पाण्याचा पंप जुनाच ठेवला. जुना व्ही-बेल्ट खाचेत पाचरीसारखा रुततो, त्याच्या आतल्या बाजूनंच पुली फिरते. हा नवा पट्टा पातळ, आतून उभ्या बारीक धारींचा, कसाही वाकतो, आणि पाठीनंसुद्धा पुली फिरवतो. पाठीनं फिरवली की पुली उलट फिरते. त्याचा पंप उलट फिरत होता. पट्टा नवा, पुल्या चकचकीत, आणि रेडिएटरमधून वाफ. उलट फिरणारा पंप वेगळा मिळतो, हे त्याला टो ट्रकच्या ड्रायव्हरनं सांगितलं.

व्ही-बेल्ट निघाला तो १९१७ साली, डेन्व्हरच्या जॉन गेट्सकडून. हा नागमोडी एकच पट्टा मोठ्या प्रमाणावर आला तो १९७९ च्या फोर्ड मस्टँगमध्ये. चिरंजीव त्याचे गुण सांगत होते: जागा कमी, टेन्शनर स्प्रिंगचा, ताण आपोआप. माझा आक्षेप एवढाच की आमच्या गाड्यांना पट्टे वेगवेगळे असत. एक तुटला तर एक काम थांबे, ड्रायव्हर शिव्या देत पुढचा डेपो गाठे. इथे एक तुटला की चार्जिंग बंद, पाणी बंद, स्टिअरिंग दगडासारखं. सगळ्या गावाची भाकरी एकाच तव्यावर! पण ही गाडी घाट चढणार नव्हती, तिला किराणा आणायचा होता.

शेवटी ठरलं. ट्रकची पंगत ट्रकचीच ठेवायची. खालची कॉम्प्रेसरची जागा रिकामी सोडायची, चेसिसला हात लावायचा नाही, आणि सँडन या जपानी कंपनीचा छोटा कॉम्प्रेसर वेगळ्या ब्रॅकेटवर वर उजवीकडे बसवायचा. छोटा दुसरा पट्टा रद्द, मोठ्यानंच त्यालाही फिरवायचं. ब्रॅकेट आला, बसला, आणि पुली केसभर आत आली. चिरंजीव लेझर लावून किती मिलिमीटर ते मोजायला बसले. मी दोन वॉशर टाकले.

आता सगळे बसले, पण पट्टाच नव्हता. असा पट्टा जगातल्या कुठल्याही गाडीला कारखान्यात लागलेला नव्हता, कारण अशी पंगत कारखान्यात कुणी मांडलीच नव्हती. लांबी मोजायची कशी? लोखंडी टेप पुल्यांभोवती वळेना. दोरी ताणली जाते. मी आत गेलो आणि हिच्या परकराची नाडी काढून आणली. सुती, चपटी, ताणली तरी वाढत नाही, पट्ट्याच्याच जातीची. क्रँकवरून पंप, कॉम्प्रेसर, डायनामो, टेन्शनर मधोमध धरून, जिथं पट्टा पाठीनं जातो तिथं नाडीही पाठीनं नेली. गाठ मारली, कापली.

दुकानात काउंटरवर दाढीवाला माणूस. त्याच्या पडद्याला आधी वर्ष लागतं.

"१९७२," चिरंजीव म्हणाले. पडद्यानं व्ही-बेल्ट दाखवले.

"इंजिन २००३ चं." पडद्यानं दुसरा पट्टा दाखवला, छोटा.

"कॉम्प्रेसर मूळचा नाही."

"मग तो कुठल्या गाडीचा?"

"कुठल्याच नाही."

दाढीवाल्यानं हात की-बोर्डवरून काढून घेतले. मी नाडी काउंटरवर ठेवली. त्याचा चेहरा उजळला. त्यानं ती भिंतीवरच्या मोजपट्टीच्या खुंट्यांवर चढवली, आकडा वाचला आणि आत जाऊन दोन-तीन पट्टे आणले. या पट्ट्यांच्या नंबरात मापच लिहिलेलं असतं. ६पीके२१३५ म्हणजे सहा धारी, २१३५ मिलिमीटर. अमेरिकन नंबरात तेच इंचांत. सगळे घेऊन जा, लागेल तो ठेवा, बाकीचे परत आणा, म्हणाला. मग त्यानं नाडी निरखून पाहिली आणि ही मोजायची पट्टी कुठे मिळते असं विचारलं. चिरंजीवांनी छताकडे बघत "इंडियात" एवढंच सांगितलं.

मी सवयीनं एक पट्टा उलटा वाकवून भेगा पाहायला लागलो. तो म्हणाला, आता तसं कळत नाही. हल्लीचं रबर भेगा न पडताच झिजतं, धारींमधल्या खाचा रुंद होत जातात, त्यासाठी प्लास्टिकचं छोटं गेज येतं. ते त्यानं फुकट दिलं. वय चेहऱ्यावर न दाखवणारी माणसं आमच्याही खात्यात होती, ती अचानकच जायची.

मधल्या लांबीचा पट्टा लागला. टेन्शनरची खूण दोन रेघांच्या मध्ये आली, इंजिन सुरू झालं, पट्टा गप्प राहिला. शेजारी जरा हिरमुसला. एसी लावला, गार वारा आला, ही पुढच्या लांब सीटवर बसली, आणि तेव्हा लक्षात आलं की या गाडीला मागे सीटच नाही. घरात माणसं पाच. त्यामुळे देवळात आम्ही अजून सूनबाईंच्याच गाडीतून जातो.

तोच पट्टा आणखी एक आणून ठेवला आहे, कारण वाटेत तुटला तर कुठल्याही दुकानाच्या पडद्यावर तो सापडणार नाही. त्याच्या शेजारी, ग्लोव्ह बॉक्समध्ये, गाठीसकट ती नाडी. एक्सेलच्या शीटमध्ये तिला स्वतंत्र ओळ आहे. हिनं ती दोनदा मागितली. चिरंजीवांनी काळे डाग दाखवले. डिसेंबरात पुण्याहून व्याही येणार आहेत. मेतकूट, कुळथाचं पीठ आणि गोडा मसाला यांच्या यादीत आता नाडीचं एक अख्खं बंडल आहे, त्यातली अर्धी नाडी दाढीवाल्यासाठी.