सर्वगुणसंपन्न मशीनबाईंना अनावृत पत्र

प्रति,
माननीय ओव्हरलॉक-कम-कव्हरस्टिच मशीनबाई,
मुक्काम पोस्ट : शिवणयंत्रांच्या दुकानाची दर्शनी काच

सप्रेम नमस्कार वि. वि.

आपलं माहितीपत्रक मिळालं. वाचून ऊर भरून आला. दोन दोऱ्यांचा टाका, तीन दोऱ्यांचा, चार दोऱ्यांचा, पाच दोऱ्यांचा, रोल्ड हेम, साखळी टाका, अरुंद कव्हरस्टिच, रुंद कव्हरस्टिच, शिवाय तिहेरी कव्हरस्टिच. एवढे गुण एका देहात नांदताना आम्ही फक्त विवाहविषयक जाहिरातींत पाहिले होते, आणि तिथेही प्रत्यक्ष भेटीत एखाददुसरा गळतोच. पत्रकाच्या तळाशी ठळक अक्षरांत छापलंय, 'एका यंत्रात दोन यंत्रं, जागेची बचत'. हे लिहिणाऱ्याने आमचं डोंबिवलीचं घर पाहिलेलं असणार. शिलाई मशीनचं टेबल जिथे सकाळी इस्त्रीला आणि परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाला लागतं, तिथे 'जागेची बचत' एवढं ऐकून माणूस हप्त्यांची चौकशी करायला लागतो.

मीही केली. तरीही आपल्याला घरी आणण्याचा विचार तूर्त रहित केला आहे. कारणं न सांगता नकार कळवणं बरं दिसत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपलं घराणं मोठं, याबद्दल वाद नाही. कड बांधणारी ओव्हरलॉक १९व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत, कनेक्टिकटच्या मेरो मंडळींच्या कारखान्यात वाढली. एक-दोन सुया, वरचा लूपर, खालचा लूपर आणि शेजारी सुरी, असा तिचा आजचा संसार. कापडाची कड सुरीने छाटायची आणि तिथल्या तिथे दोऱ्यांनी बांधून टाकायची. आमच्या नाक्यावरचा पिको-फॉलवाला हिलाच इंटरलॉक म्हणतो. त्याच्याकडे लुधियानाची काळी, तेलकट, पट्ट्यावर फिरणारी तीन दोऱ्यांची ओव्हरलॉक आहे आणि तिच्या आवाजात त्याला फोनवर बोलताही येतं. दुसरी कव्हरस्टिच, कपड्यांच्या धंद्यातल्या बोलीत फ्लॅटलॉक. तिला सुरी नाही, वरचा लूपर नाही. टी-शर्टाची खालची दुमड पाहा : सुलट बाजूला दोन समांतर रेघा, उलट बाजूला कापडाची कच्ची कड झाकून टाकणारी दोऱ्याची जाळी. ते काम तिचं. होजिअरी ताणली जाते, म्हणून टाकाही ताणला गेला पाहिजे. साध्या मशीनची सरळ शिवण अशा दुमडीवर मारली, तर डोक्यातून टी-शर्ट काढताना ती कटकन तुटते.

अशा या दोघींना आपण एका अंगात सामावून घेतलंत. जुकीची एमओ-७३५ घ्या नाहीतर बर्निनाची एल ८९०, आपल्या कुळात नामवंत कमी नाहीत. माझी तक्रार आपल्या शिवणीबद्दल नाहीच. आपण ओव्हरलॉक असता तेव्हा उत्तम ओव्हरलॉक असता आणि कव्हरस्टिच असता तेव्हा चांगली कव्हरस्टिच असता. एकीची दुसरी होताना जे काही घडतं, त्याबद्दल मला बोलायचं आहे.

तो सोहळा मी जवळून पाहिला आहे. पुढचं झाकण उघडायचं. वरचा लूपर निकामी करायचा. सुरी खाली पाडायची. सुरीकडची पट्टी काढून तिथे सपाट पट्टी बसवायची. ओव्हरलॉकच्या जागेवरच्या सुया काढून कव्हरच्या जागेवर लावायच्या. सुयांना धरून ठेवणारे स्क्रू बाजरीच्या दाण्याहून थोडेच मोठे. ते सैल करायचे, पण पूर्ण सुटू द्यायचे नाहीत, कारण सुटलेला स्क्रू थेट यंत्राच्या पोटात जातो आणि मग घरातली सगळी माणसं मोबाइलचा टॉर्च घेऊन आपल्याभोवती जमतात. त्यानंतर साखळी टाक्याच्या लूपरात चिमट्याने दोरा. लाल खुणेचा मार्ग सोडून चुकून निळ्याने गेलात, तर शिवण सुरुवातीला बरी दिसते आणि चार बोटं पुढे जाऊन टाके सोडू लागते. मग टेन्शनच्या चकत्या फिरवायच्या. मग त्याच कापडाच्या तुकड्यावर, तेवढेच थर करून, चाचणी. हवेच्या झोताने लूपरात दोरा ओवणाऱ्या आपल्या श्रीमंत बहिणी यातला थोडा वेळ वाचवतात. सुया मात्र त्यांच्याही हातानेच हलवाव्या लागतात.

एवढं करायला हात बसलेल्या बाईला फार वेळ लागत नाही, हे मान्य. पण एक टी-शर्ट शिवताना हे किती वेळा करायचं, ते माहितीपत्रकात कुठेच नाही.

पहिल्यांदा खांदे जोडायचे : ओव्हरलॉक. गळपट्टी लावायची : ओव्हरलॉक. गळ्याची शिवण वरून दाबायची : कव्हरस्टिच. बाह्या लावायच्या : ओव्हरलॉक. बाह्या सपाट आहेत तोवर त्यांची दुमड मारायची : कव्हरस्टिच. बाहीच्या टोकापासून बगलेतून खालपर्यंत बाजू जोडायच्या : ओव्हरलॉक. शेवटी खालची दुमड : कव्हरस्टिच. म्हणजे एका टी-शर्टात आपण पाच वेळा वेषांतर करणार. डोकं लावून बाह्यांची दुमड आधीच, गळ्याबरोबर उरकली, तरी तीन वेळा. कव्हरची सगळी कामं अगदी शेवटी ठेवली तर एकदाच. पण मग बाह्या शिवून गोल झालेल्या असतात, आणि चार वर्षांच्या पोराच्या बाहीचं ते नळकांडं आपल्या पायाखाली घालून गोल फिरवणं म्हणजे शिक्षाच. एका बाजूचा थर सरळ जातो आणि दुसरा हळूच पायाखाली घुसून मागच्या कापडाला शिवला जातो. उसवताना कळतं की कव्हरस्टिच शेवटच्या टोकाकडून सरसर सुटते, आणि सुरुवातीच्या टोकाकडून कितीही ओढली तरी हलत नाही. हे ज्ञान मात्र विनामूल्य.

परिणाम काय होतो, ते सांगते. आपल्यासारखी एक जिच्या घरी आहे, तिच्याकडे जाऊन कपाट उघडावं. आत एकावर एक घड्या : बाजू जोडलेल्या, गळे लागलेल्या आणि खालून दुमड न मारलेल्या टी-शर्टांच्या. 'एकदा मशीन बदललं की सगळ्यांच्या दुमडी एकदम मारते,' असं ती म्हणते. मशीन काही बदललं जात नाही. दिवाळी येते, मुलगा वाढतो, आणि दुमड मारायची वेळ येते तेव्हा टी-शर्ट पोटावर येत असतो. आपण जागा वाचवलीत, बाई, पण ती या कपाटात गेली.

तिरुपूरच्या होजिअरी कारखान्यात आपल्याला कोणी ओळखणार नाही. तिथे एका ओळीत ओव्हरलॉक, पुढे फ्लॅटलॉक, त्यापुढे पुन्हा ओव्हरलॉक. कपडा पुढे सरकतो, मशीन आपल्या जागेवर बसून आयुष्यभर एकच काम करतं. ज्यांना प्रत्येक मिनिटाचा हिशेब द्यावा लागतो, त्यांना आपला मोह पडत नाही. आपला जन्म घरगुती गिऱ्हाइकासाठी झाला, कारण घरच्या बाईच्या मिनिटांचा हिशेब कोणी मागत नाही.

पैशांचंही बोलून टाकते. दोघींचं काम करता म्हणून आपण दोघींच्या निम्म्या किमतीत येता, असं नाही. अनेकदा एक साधी ओव्हरलॉक आणि एक बरी कव्हरस्टिच यांच्या बेरजेच्या आसपास आपला आकडा जातो. आणि आपण दुरुस्तीला गेलात की दोन्ही कामं एकाच वेळी बंद. मेकॅनिक 'पुढच्या आठवड्यात बघतो' म्हणाला की घरात शोककळा.

आता न्यायाने दुसऱ्या पक्षालाही चार शब्द सुनावले पाहिजेत, नाहीतर आपण म्हणाल, ही बाई सुट्या मशीनवाल्यांकडून कमिशन घेते. 'कॉम्बो घेऊच नका, दोन सुटी घ्या' असं ठासून सांगणाऱ्या मंडळींच्या घरी नेहमी एक 'शिवणाची खोली' असते. खोली! चार दोऱ्यांच्या ओव्हरलॉकला चार कोन, दोन सुयांच्या कव्हरस्टिचला तीन. एका रंगासाठी सात कोन मांडून ठेवायचे, आणि रंग बदलला की पुन्हा सात. दोन ठिकाणी तेल, दोन ठिकाणी धूळ, दोन पेडल पायात. करड्या दोऱ्यावर बरंच भागतं, ही गोष्ट वेगळी. जॅनोमची कव्हरप्रो किंवा ब्रदरची २३४०सीव्ही, या फक्त कव्हरस्टिच करणाऱ्या यंत्रांत सुईच्या उजवीकडे हात घालायला जागा ऐसपैस असते आणि त्या रुसत कमी असतात, हे खरंच आहे. पण वर्षाला दोन टी-शर्ट आणि एक लेगिंग शिवणाऱ्या घरात असं यंत्र कपाटावर सुटकेसशेजारी बसून राहतं. आणि जाडीचं दुखणं तर सुट्या बहिणीलाही चुकलेलं नाही. दुमड मारत बाजूच्या शिवणीवर आलं की तिथे थर वाढतात, पाय अडखळतो, टाके सुटतात. ती गाठ आधी छाटा, हातोडीने हलकेच ठोकून सपाट करा, मगच पुढे जा.

त्यापेक्षा माझ्यासारखीला तिसरा रस्ता बरा. चार दोऱ्यांची साधी ओव्हरलॉक घ्यायची, तिच्यात पुढच्या आणि मागच्या दातांचा वेग वेगवेगळा ठेवायची सोय असली म्हणजे होजिअरीला लाटा येत नाहीत. दुमडीसाठी घरच्या झिगझॅग मशीनला होजिअरीची जोडसुई लावायची, टाका लांब ठेवायचा, बॉबिनमध्ये फुगीर नायलॉनचा दोरा हाताने, सैल गुंडाळायचा. पायाने चालवायच्या जुन्या काळ्या मशीनवर मात्र हा प्रयोग नको : तिच्या पट्टीचं भोक एका सुईपुरतं असतं, जोडसुई पहिल्याच टाक्याला मोडून डोळ्याच्या दिशेने येते. जोडसुईची दुमड कव्हरस्टिचइतकी ताणली जात नाही, सुलट बाजूने मात्र कोणाला फरक कळत नाही. असं वर्षभर शिवावं. वर्षानंतरही दुमड मारताना दात-ओठ खात असाल, तर सुटी कव्हरस्टिच घ्यावी. दात-ओठ खायला कपडेच नसतील, तर पैसे वाचले.

आपल्याकडे एक गोष्ट अशी आहे की जी या सुट्या दोघींना मिळूनही एका फेरीत जमत नाही, आणि ती मी लपवणार नाही. पाच दोऱ्यांची सेफ्टी शिवण : आत साखळी टाका, बाहेर कडेची बांधणी, दोन्ही एका फटक्यात. टाक्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीत ४०१ आणि ५०४ हे दोन मिळून ५१६ होतात, तो हा. सुती पायजमे, सलवारी, उशांचे अभ्रे, पडदे, म्हणजे ताणलं न जाणारं कापड लांबच लांब जोडायचं असेल, तर आपल्याला तोड नाही. सुया एकदा लावल्या की संध्याकाळपर्यंत हलवायच्या नाहीत.

तेव्हा आपल्यासाठी योग्य घर मी शोधून ठेवलं आहे. आमच्याच गल्लीत एका बचत गटाच्या ताई गाऊन आणि लेगिंग घाऊक शिवतात. सोमवारी सगळ्यांच्या बाजू, मंगळवारी सगळ्यांच्या बाजू, बुधवारी सकाळी चहा घेऊन एकदाच सुया हलवायच्या आणि मग शनिवारपर्यंत नुसत्या दुमडी. पायजम्यांची ऑर्डर आली की पाच दोरे. त्यांच्याकडे आपला वेळ जाणार नाही आणि त्यांची जागा जाणार नाही. त्या टी-शर्ट शिवत नाहीत, हे मी मुद्दाम विचारून घेतलं आहे.

कळावे, लोभ आहे तेवढाच असावा.

आपली,
एक अद्याप न झालेली गिऱ्हाईक

ता. क. : ताईंकडे जाताना दुकानातून सुईचे जास्तीचे स्क्रू आठवणीने मागून घ्या. त्यांच्या खोलीतल्या फरशा जुन्या आहेत आणि फटी रुंद.